एकवीस पानड्या

विवाहसोहळ्यांची छायाचित्रे काढणाऱ्या एका स्टुडिओतली चार वर्षांची नोकरी सोडून मी स्वतंत्रपणे काम करू लागले, त्याला येत्या दिवाळीत ९ वर्षे होतील. कॅमेरा, दोन लेन्स, दोन फ्लॅश आणि वडिलांची जुनी स्कूटर एवढे भांडवल तेव्हा हाताशी होते. काम नव्हते, आणि काम मागण्याची सवय तर मुळीच नव्हती. स्टुडिओत असताना गिऱ्हाईक स्वतः दारात येत असे, मुहूर्त ठरलेला असे, दर भिंतीवर लावलेला असे, आणि माझ्या वाट्याला फक्त कॅमेऱ्यामागची जागा येत असे. कलाशिक्षण घेताना प्रकाश, रचना आणि रंगसंगती यांचे धडे मिळाले. परंतु एखाद्या अनोळखी माणसाच्या दुकानाची पायरी चढून ‘तुमचे काम मला द्या’ हे कोणत्या शब्दांत म्हणावे, याचा तास कोणत्याही वेळापत्रकात नव्हता.

आमच्या घरात तर मागणे हाच कमीपणा मानला जात असे. वडिलांनी सरकारी नोकरीत आयुष्य काढले आणि कोणाकडे कधी काही मागितले नाही, याचा त्यांना अभिमान होता. आजी मात्र वेगळे बोलायची. सोयरिकी जमवण्यात तिची हयात गेली असल्यामुळे मागण्यातले बारकावे तिला पाठ होते. “शब्द टाकायचा तर तो झेलणारे हात आधी बघून ठेवावेत, नाहीतर तो खाली पडतो आणि मग उचलायला आपल्यालाच वाकावं लागतं,” असे ती म्हणायची. हे सोयरिकीबद्दलचे बोलणे माझ्या धंद्याला किती लागू पडते, हे समजायला मला दीड वर्ष लागले.

पहिला शब्द मी कोल्हापूरच्या सराफ बाजारात, गुजरीत टाकला. महाद्वार रोडवरून गुजरीत शिरले की दोन्ही हातांना सराफी पेढ्यांची रांग लागते, आणि दुपारच्या वेळी, अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी जरा ओसरली की, पेढीवरच्या माणसांना बोलायला सवड असते. मी एका जुन्या पेढीवर गेले. टॅबलेटमध्ये निवडून ठेवलेली ६० छायाचित्रे होती: पन्हाळ्यावरचे धुके, जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल, खासबागेच्या आखाड्यातली माती अंगावर घेतलेले मल्ल, रंकाळ्यावरची संध्याकाळ आणि अर्थात नवरा-नवरी. शेठांनी चहा मागवला, चष्मा लावला आणि एकेक छायाचित्र मनापासून पाहिले. एकही घाईने पुढे सरकवले नाही. शेवटी टॅबलेट माझ्या हातात परत देत ते म्हणाले, “फोटो लई चांगले आहेत, ताई. पण ह्यात आमचं काय आहे?”

त्या प्रश्नात खोच नव्हती. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते, आणि माझ्याकडे ते नव्हते. ‘दागिन्यांचेही फोटो मी असेच चांगले काढीन’ एवढेच मी म्हणू शकले. त्यांनी मान डोलावली, “बघूया की” म्हणाले, आणि मी पायरी उतरले. 

त्या रात्री मी त्यांच्या पेढीने गिऱ्हाइकांना मोबाइलवर पाठवलेली छायाचित्रे पाहिली. माझ्या मावशीकडे ती येत असत. घरातल्याच कोणीतरी ट्यूबलाइटखाली काचेच्या कपाटावर दागिने ठेवून ती काढलेली असावीत. त्यात कोल्हापुरी साजाची तीन छायाचित्रे होती, आणि तिन्हींमध्ये साज म्हणजे एक पिवळा, चकाकणारा पट्टा दिसत होता. जव मणी कुठे संपतात आणि पानडी, म्हणजे मण्यांमधले नक्षीदार पान, कुठे सुरू होते, हेही समजत नव्हते. ज्या दागिन्यासाठी हे गाव महाराष्ट्रभर ओळखले जाते, तो दागिना ओळखूच येत नव्हता. दुपारी त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हे होते, आणि ते पायरी चढण्याआधी माझ्याकडे असायला हवे होते.

आजीचा साज आईच्या कपाटात होता. मी तो मागून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिला. परंपरेने साजाच्या २१ पानड्या मानल्या जातात: १० दशावतारांच्या, ८ अष्टमंगलाच्या, २ माणिक आणि पाचूच्या, आणि एक डोरल्याची. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण मासा कोणता, कासव कोणते, वराह कोणता, हे दाखव म्हटले असते तर मला दाखवता आले नसते. पानडी नखाएवढी असते, पातळ पत्र्यावर उठाव काढलेली असते आणि आत लाख भरलेली असल्यामुळे ती थोडी फुगीर असते. याचा छायाचित्रकाराच्या भाषेतला अर्थ असा की, साज म्हणजे २१ लहान, बहिर्वक्र आरसे एका ओळीत ओवलेले असतात. पहिल्या रात्रीच्या प्रत्येक छायाचित्रात त्या आरशांमध्ये छतावरचा दिवा, खिडकीचा पडदा आणि कॅमेऱ्यामागची मी, अशी सगळी खोलीच येऊन बसली होती.

दुसऱ्या रात्री मी चारी बाजूंनी बटर पेपरचा तंबू केला आणि प्रकाश त्यातून गाळून घेतला. खोली नाहीशी झाली, पण तिच्याबरोबर उठावही नाहीसा झाला. सगळीकडून सारखा प्रकाश आला की मासा आणि कासव दोन्ही सारखेच गुळगुळीत दिसतात. तिसऱ्या रात्री डावीकडचा कागद काढून तिथून एक लहान दिवा अगदी खालून, पानडीच्या पृष्ठभागाला जवळजवळ चाटून जाईल असा लावला आणि उजवीकडे काळा पुठ्ठा उभा केला. कासवाच्या पाठीवरच्या रेघा उठून आल्या. माशाला खवले आले. एवढ्या जवळून काढताना लेन्सचे छिद्र एफ-११ पर्यंत लहान केले तरी चार-पाच पानड्याच स्पष्ट येत होत्या, म्हणून फोकस थोडा थोडा पुढे सरकवत १४ छायाचित्रे घेतली आणि संगणकावर ती एकात एक बसवली. सगळ्यात जास्त वेळ रंगाने घेतला. सोन्याचा पिवळेपणा किंचित हिरव्याकडे झुकला की ते पितळ दिसते, आणि हे सामान्य माणसाच्या नजरेतून सुटले तरी सराफाच्या नजरेतून सुटत नाही.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा गुजरीत गेले. या वेळी टॅबलेट नेला नाही. मोठ्या कागदावर काढलेली त्या साजाची एकच प्रत नेली आणि काही न बोलता शेठांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि डावीकडून बोट ठेवत मोजायला सुरुवात केली. “मासा. कासव. वराह.” नरसिंहावर बोट थांबले. “हा ठसा जुना आहे. आता असा कोणी पाडत नाही. कोणाचा साज हा?” मी आजीचा म्हणून सांगितले. पुढचा अर्धा तास ते ठशांबद्दल बोलत राहिले, आणि मी ऐकत राहिले. माझ्या दराबद्दल त्यांनी उठता उठता विचारले. त्या दिवशी मला ११ दागिन्यांचे काम मिळाले, आणि ती पेढी आजही माझ्याकडून काम करून घेते.

या प्रसंगाकडे मी पुष्कळ वेळा परत जाते, कारण पहिल्या आणि दुसऱ्या भेटीतला फरक छायाचित्रांच्या दर्जातला नव्हता. ६० छायाचित्रांतली काही त्या साजाच्या छायाचित्राहून कितीतरी सरस होती. परंतु त्या ६० छायाचित्रांमधून मी फक्त माझ्याबद्दल सांगत होते. काम देणाऱ्या माणसाला मी कोण आहे हे जाणून घ्यायचे असतेच, पण ते दुसऱ्या क्रमांकावर. आयुष्यभर जी वस्तू त्याने घडवली, विकली, तळहातावर घेऊन तोलली, ती वस्तू समोरच्या परक्या व्यक्तीला दिसली आहे का, हे त्याला आधी पाहायचे असते.

खरी कॉर्नरला चित्रपटसृष्टीच्या स्मरणार्थ उभारलेला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिथून जाताना माझी स्कूटर अजूनही आपोआप मंदावते. आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. चलच्चित्राच्या वेडाने त्यांनी स्वतःचा कॅमेरा घडवायला घेतला, १९१६ मध्ये आनंदराव गेले, आणि बाबूरावांनी १९१८ मध्ये तो कॅमेरा पुरा केला. त्यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकर यांच्या आर्थिक पाठबळावर, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कॅमेरा हाताने घडवण्याची बुद्धी ज्यांच्यापाशी होती, त्यांनाही कोणाच्या तरी विश्वासाची गरज होती. काम मागणे हा कलेबाहेरचा, नाइलाजाने करायचा भाग आहे असे मानणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंना मी ही गोष्ट आवर्जून सांगते. या गावात तरी कला आणि मागणे पहिल्यापासून एकत्र नांदत आलेली आहेत.

गुजरीचा धडा मी लगेच सगळीकडे वापरला असे मात्र झाले नाही. दागिन्यांचे काम सणासुदीला आणि लग्नसराईत येते. मधले महिने रिकामे जात. म्हणून मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींकडे वळले. तिथे पायरी चढून जाता येत नाही. गेटवर वॉचमन असतो, आणि भेटीची वेळ ठरल्याशिवाय तो आत सोडत नाही. त्यामुळे मी ईमेल लिहायला बसले आणि एका महिन्यात ४० कारखान्यांना एकच मजकूर पाठवला: ‘आम्ही सर्व प्रकारची औद्योगिक छायाचित्रे माफक दरात काढून देतो.’ त्या वाक्यातला एकही शब्द आज मी लिहिणार नाही. ‘आम्ही’ म्हणजे मी एकटीच होते, ‘सर्व प्रकारची’ हे खरे नव्हते, आणि ‘माफक’ हा शब्द वाचणाऱ्याला घासाघीस करण्याचे आमंत्रण देतो. ४० पैकी एकाचेही उत्तर आले नाही.

पुढच्या महिन्यात मी ५ पत्रे लिहिली. प्रत्येक पत्रासाठी त्या कारखान्याची वेबसाइट आणि छापील माहितीपत्रक मिळेल तिथून मिळवून पाहण्यात एक-दोन दिवस घालवले. एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, वेबसाइटवर ट्रॅक्टरच्या गिअर हाउसिंगचे छायाचित्र होते. ते कास्टिंग सिमेंटच्या जमिनीवर ठेवलेले होते, कडेला कोणाच्या तरी बुटाचे टोक आले होते, आणि मशीनिंग केलेला जो पृष्ठभाग पाहून परदेशातला खरेदीदार मालाची पारख करणार, नेमका तोच पृष्ठभाग फ्लॅशच्या झोतात पांढरा होऊन गेला होता. मी पत्रात एवढेच लिहिले की हा पृष्ठभाग दिसला पाहिजे, ओतीव भागाचा खरबरीतपणा आणि मशीन केलेल्या भागाची सफाई एकाच छायाचित्रात वेगवेगळी ओळखू आली पाहिजे, त्यासाठी बाजूने येणारा प्रकाश लागेल, मला एक कोपरा आणि एक दिवस पुरेल, आणि उत्पादन थांबवावे लागणार नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन आला. “बाकी तुमी काय लिवलंय ते ठीक हाय, पण लाईन बंद करायला लागणार न्हाई म्हटलासा, म्हणून फोन केला.” फौंड्रीत भट्टीतला रस सुमारे १,४०० अंशांवर असतो आणि तो कोणासाठी थांबत नाही, लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, घेतला की तो निवायच्या आत साच्यांत ओतावाच लागतो. याआधी आलेल्या एका छायाचित्रकाराने चांगले चित्र मिळावे म्हणून कामगारांना ओतकाम करता करता थांबायला सांगितले होते, आणि मालकांनी त्याला तिथूनच परत पाठवले होते. माझ्या पत्रातले ते वाक्य मी प्रकाशाच्या माहितीइतके महत्त्वाचे मानले नव्हते. ज्याचे काम आहे त्याला कशाची धास्ती आहे, हे ओळखून तिला पहिल्याच पत्रात उत्तर द्यावे, हे मी त्या फोनमुळे शिकले. आता प्रत्येक पत्रात असे एक वाक्य असते. शाळेला लिहिताना मुलांची छायाचित्रे पालकांच्या संमतीशिवाय कुठेही जाणार नाहीत असे असते. हॉटेलला लिहिताना गिऱ्हाइकांच्या वेळेत एकही दिवा लावणार नाही असे असते.

मी फोनवर “उद्या धाला येतो” म्हटले. कोल्हापुरात आम्ही बायकाही बोलताना ‘येतो’, ‘जातो’ म्हणतो, आणि हे असे बोलणे मला प्रिय आहे. लिहिताना ते मला सोडावे लागते आणि दर वेळी थोडे चुकल्यासारखे वाटते. सकाळी गेटवर वॉचमनने माझ्या मागे आणखी कोणी आहे का ते पाहिले, मग नोंदवहीत नाव लिहून घेतले आणि सेफ्टी बूट दिले. ते मला दोन अंक मोठे होते. तेव्हापासून माझ्या मापाचे बूट माझ्या बॅगेत असतात.

दराचा भाग मला सर्वांत उशिरा जमला. पहिली दोन-तीन वर्षे ‘किती घेणार?’ या प्रश्नाला मी ‘तुम्ही समजून द्या’ असे उत्तर देत असे आणि त्याला नम्रता समजत असे. प्रत्यक्षात मी माझ्यावरचा भार समोरच्यावर टाकत होते. ज्याला छायाचित्रणाचा खर्च ठाऊक नाही, त्याने आकडा कशावरून काढावा? मग एका रविवारी मी वही घेऊन बसले. घर आणि धंदा मिळून महिन्याला ५४,००० रुपये लागत होते; त्यात लेन्सची दुरुस्ती, दुहेरी हार्ड डिस्क, उपकरणांचा विमा आणि पेट्रोल आले. महिन्यात प्रत्यक्ष छायाचित्रे काढण्याचे दिवस सरासरी ९ निघाले. बाकीचे दिवस संस्करणात, पत्रे लिहिण्यात आणि थकलेल्या बिलांचा पाठपुरावा करण्यात जात होते. म्हणजे दिवसाला ६,००० रुपये मिळाले तर फक्त बरोबरी होत होती, आणि मी तोवर अनेकदा ४,००० रुपयांत दिवसभर उभी राहिले होते. त्या वहीनंतर मी पूर्ण दिवसाचा दर १२,००० रुपये केला आणि तो पत्रातच लिहू लागले. 

“जरा अडजस्ट करा की” हे वाक्य त्यानंतरही येतेच, आणि ते येण्यात काही गैर नाही. आपल्याकडे भाव करणे हा ओळख वाढवण्याचाही एक भाग असतो. पण मी दर कमी करत नाही, काम कमी करते. २० वस्तूंऐवजी १२ घेऊ, पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस घेऊ, असे सुचवते. यात गंमत अशी होते की, कोणत्या १२ वस्तू महत्त्वाच्या हे ठरवायला समोरचा माणूस बसतो आणि त्या बसण्यातून कामाची खरी रूपरेषा तयार होते. विसार म्हणून निम्मी रक्कम आधी घेते. ज्याने विसार दिला, तो ठरल्या दिवशी माल पुसून तयार ठेवतो, असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र मला वेदनेतून शिकावी लागली आणि ती मी सविस्तर सांगणार आहे, कारण या धंद्यातल्या पुष्कळ तरुण मुलामुलींना ती ठाऊक नसते. एका संस्थेसाठी मी तिच्या कार्यक्रमाची आणि इमारतीची छायाचित्रे काढली होती. वर्षभराने स्टेशन रोडवर २० फुटी फलकावर त्यातले एक छायाचित्र दिसले, आणि काही दिवसांनी तेच छायाचित्र एका तिसऱ्याच व्यवसायाच्या जाहिरातीत, त्या संस्थेच्या संमतीने वापरलेले दिसले. मी विचारायला गेले तेव्हा “पैसे दिलेत की तुम्हाला” असे उत्तर मिळाले. संतापाने मी एका वकील मैत्रिणीकडे गेले. तिने १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून कलम १७ दाखवले. कोणी मोबदला देऊन स्वतःसाठी छायाचित्र काढून घेतले असेल, आणि उलट असा करार झालेला नसेल, तर त्या छायाचित्राचा पहिला कॉपीराइटधारक तो काम देणारा माणूस असतो. कॅमेऱ्यामागे कोण उभे होते, याने फरक पडत नाही. मी चार ओळींचा कागद केला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. मी काहीच लिहून घेतले नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या पत्राच्या शेवटी दोन वाक्ये असतात. छायाचित्रांचा कॉपीराइट माझ्याकडे राहील. आणि तुम्हाला ती अमुक ठिकाणी, अमुक वर्षांसाठी वापरता येतील. मुदत लिहिणे महत्त्वाचे आहे, कारण ती लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता धरतो. सुरुवातीला मला वाटे की अशी वाक्ये वाचून लोक बिचकतील. फौंड्रीच्या मालकांनी ती वाचली आणि म्हणाले, “बरं केलं. आमी बी ड्रॉइंगवर असंच लिवतो.” कारखानदाराला दुसऱ्याने आपले ड्रॉइंग वापरले तर काय होते ते पक्के ठाऊक असते. ज्याला स्वतःच्या कामाची किंमत माहीत आहे, तो दुसऱ्याच्या कामाच्या किमतीची चर्चा ऐकून घेतो. थकबाकीचेही तसेच. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. मी उद्यम नोंदणी केली आणि तो क्रमांक बिलावर छापला. तगादा लावण्यापेक्षा त्या एका ओळीने अधिक काम केले.

पैशाची ही सगळी शिस्त बाजूला ठेवावी लागली असा एक प्रसंग मात्र आला. जून २०२५ मध्ये मिलानमधल्या, प्राडा या इटालियन कंपनीच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरी चपलांसारखी पादत्राणे दिसली आणि कोल्हापूरचा उल्लेख तिथे नव्हता, म्हणून इथे मोठी खळबळ उडाली. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही चप्पल. तिची छायाचित्रे जगभर फिरली आणि ती करणारी माणसे त्यांत कुठेच नव्हती. त्या पावसाळ्यात मी कापशीच्या बाजूला गेले. तिथल्या तीन कारागीर कुटुंबांना मी सुचवले की तिघांनी मिळून एक दिवस घ्यावा आणि खर्च वाटून घ्यावा. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या चामड्याचा तो मधासारखा रंग छायाचित्रात कसा येतो, हे दाखवण्यासाठी माझ्या स्वतःच्या चपलेचे छायाचित्र मी बरोबर नेले होते. एका घरातल्या आक्कांनी ते बराच वेळ हातात धरले. मग म्हणाल्या, “चपलेचा काढ, पण वेणी घालणारा हात बी दिसू दे की.”

काय काढायचे, हे मी ठरवून गेले होते. पांढरी पार्श्वभूमी, तीन कोन, तळ आणि चपलेच्या दोन्ही बाजूंचे कान. आक्कांनी माझ्या यादीत नसलेले चित्र मागितले, आणि तेच त्या दिवसाचे सर्वांत चांगले चित्र झाले. चामड्याच्या बारीक वाद्या बोटांत धरलेला, अंगठ्याला घट्टे पडलेला हात. गिऱ्हाइकाला चांगले काय ते समजत नाही, असे आमच्या व्यवसायात सर्रास बोलले जाते. मला हे बोलणे पटत नाही. गिऱ्हाइकाला आपल्या वस्तूत काय पाहायचे ते बहुतेक वेळा आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असते; त्याला फक्त ते आपल्या भाषेत सांगता येत नाही, आणि आपण विचारत नाही.

नकारांबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. कोल्हापुरात तोंडावर ‘नको’ म्हणणे कठीण जाते, त्यामुळे नकार इथे अनेक रूपांत येतो. ‘बघूया की’ हा नेहमीच नकार नसतो. चहा संपल्यावर, उभे राहून, दुसरीकडे बघत म्हटलेले ‘बघूया की’ नकार असते. पण बसल्या जागी, वस्तू हातात घेऊन म्हटलेले ‘बघूया की’ म्हणजे अजून विचार चालू आहे. ‘दिवाळीनंतर या’ याचा अर्थ बहुतेकदा शब्दशः दिवाळीनंतर या असाच असतो, आणि जे खरोखर जातात त्यांना काम मिळते. मी एक वही ठेवली आहे. भेट झाली की गाडीला किल्ली लावण्यापूर्वी मी त्यात लिहिते: कोण भेटले, कोणत्या वस्तूबद्दल बोलताना त्यांचा आवाज बदलला, काय विचारले, मुलगा-मुलगी काय शिकते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा जाते, तेव्हा ‘आठवण करून द्यायला आले’ असे म्हणत नाही. त्यांनी मागे जे विचारले होते, त्याचे काही उत्तर घेऊन जाते. एका पंप बनवणाऱ्या गृहस्थांनी पहिल्या भेटीत सहज विचारले होते की, पाणी उडताना गोठल्यासारखे कसे दाखवतात. चार महिन्यांनी मी आमच्या गच्चीवर बादली आणि फ्लॅश घेऊन ते करून पाहिले आणि चित्र त्यांना नेऊन दिले. काम आणखी वर्षाने मिळाले. पण त्या वर्षात त्यांनी माझे नाव दोघांना सांगितले होते, आणि त्या दोघांकडून काम आधी आले.

हे सगळे करूनही दहा पत्रांतली सात-आठ निष्फळ जातात. पूर्वी त्याने मी खचत असे, कारण सगळ्यांना एकच मजकूर पाठवलेला असल्याने प्रत्येक मौन म्हणजे माझ्यावरचा निकाल वाटे. आता तसे वाटत नाही. प्रत्येक पत्रासाठी मी काहीतरी नीट पाहिलेले असते, आणि ते पाहणे माझ्याजवळ उरते. उत्तर न आलेल्या एका पत्रामुळे मला गुऱ्हाळघरातली वाफ कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने उजळते ते समजले. पुढच्या हंगामात दुसऱ्या कोणासाठी ते उपयोगी पडले.

सध्या माझ्या टेबलावर हुपरीचे पैंजण आहेत. तिथल्या एका चांदी कारखानदारांना पत्र लिहायचे आहे, म्हणून त्यांच्याच घडणावळीची एक जोडी मी गुजरीतून विकत आणली. चांदी सोन्याहून अवघड. सोने स्वतःचा रंग धरून ठेवते. चांदी समोर येईल त्याचा रंग घेते, त्यामुळे तिच्याभोवती सगळे पांढरे ठेवले तर ती कागदासारखी सपाट होते, आणि काळी कडा दिली तरच तिला गोलाई येते. गेल्या तीन रात्री मी काळ्या पुठ्ठ्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापून घुंगरांच्या ओळीशेजारी सरकवत बसले आहे. काल रात्री साडेअकराच्या सुमारास एक पट्टी योग्य जागी बसली आणि प्रत्येक घुंगराची चीर वेगळी दिसली. पैंजण हलल्याचा आवाज ऐकून आई पलीकडच्या खोलीतून म्हणाली, “अजून झोपली न्हाईस व्हय?”

पत्राचा पहिला परिच्छेद लिहून झाला आहे. ‘तुमच्या पैंजणाच्या फाशाला आतून एक लहान वळण दिलेले आहे, त्यामुळे तो साडीच्या काठात अडकत नाही. तुमच्या माहितीपत्रकातल्या छायाचित्रांत फासा प्रत्येक वेळी मागच्या बाजूला गेलेला आहे. सोबत मी काढलेले एक छायाचित्र जोडत आहे.’ दर आणि मुदत खाली लिहायची आहे. सकाळी उजेडात छायाचित्राचा रंग एकदा पाहीन आणि मग पाठवीन.